घोडीच्या पायाला डाग द्यायला सांगतायत, देऊ का?

पंचवटीकर_७७:
मामांकडे वरातीची घोडी आहे. तुळशीचं लग्न होऊन सीझन नुकता सुरू झाला आणि हिच्या पुढच्या पायाची मागची शीर सुजली, हात लावला तर गरम लागतं आणि पाय नीट टेकवतच नाहीये. एक जुने जाणकार बघून गेले, म्हणाले सळई लाल करून चार डाग देऊ, मग तीन महिने बांधून ठेवा, पळायला लागेल. मामा तयार आहेत कारण त्यांच्या वडिलांनी टांग्याच्या घोड्याला असंच केलेलं आणि तो पुढे कितीतरी वर्षं चालला म्हणे. मी नको म्हटलं तर, तुला घोड्यातलं काय कळतं. खरंच गुण येतो का? आणि येत असेल तरी करावं का?

नालबंदाचा_नातू:
माझे आजोबा नाल ठोकायचे आणि डागपण द्यायचे. वरच्या ओठाला दोरीचा पीळ, चार माणसं धरायला, आणि तो वास... लहानपणी मी पळून जायचो. पण माणूस क्रूर नव्हता हो, काविळीत स्वतःच्या हातावरही डाग घेतलेला. तेव्हा दुसरं होतं काय?

तबेला_डॉक्टर:
जनावरांचा डॉक्टर आहे म्हणून लिहितो. गुण येतो तो डागाने नाही, पुढच्या त्या तीन महिन्यांनी. भाजलेल्या पायाच्या घोड्याला कुणी जुंपत नाही, म्हणून त्याला आराम मिळतो, एवढंच. इंग्लंडात ब्रिस्टलला यावर नीट संशोधन झालं, १९८३ साली छापून आलं, डागल्याने शीर (रक्ताची नव्हे, स्नायूला हाडाशी जोडणारा दोर, टेंडन) बरी व्हायला मदत होत नाही असं निघालं. १९९१ मध्ये तिथल्या पशुवैद्यांच्या संस्थेने हा प्रकार अनैतिकच ठरवला. वर जखमेला माश्या, धनुर्वाताची भीती (घोड्याला फार पटकन होतो).
सध्या गार पाण्याची धार १५-२० मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. सूज उतरवायचं इंजेक्शन डॉक्टरकडूनच घ्या, जमलं तर सोनोग्राफी करा. पण शीर खरंच फाटली असेल तर तीन महिने पुरणार नाहीत, ९ ते १२ महिने धरून चाला.

गोदाकाठ:
कायदा पण आहे की, १९६० चा, विनाकारण वेदना दिल्या तर गुन्हा. दंड मात्र पहिल्या वेळेला १० ते ५० रुपये!! वडापावात जातो तेवढा.

पंचवटीकर_७७:
डॉक्टरसाहेब, मामांना वाचून दाखवलं. म्हणाले वर्षभर चंदी कोण घालणार? यावर माझ्याकडे उत्तर नाही.

नालबंदाचा_नातू:
बरोबर आहे त्यांचं. पण चंदी तर डाग दिल्यावरही घालावीच लागणार, ते तीन महिने कुणी फुकट देतंय का? हे विचारा त्यांना.

पंचवटीकर_७७:
विचारलं. रागावले, पण जाणकारांना उद्या येऊ नका म्हणून फोन केला. नळी लावून पाय धुतोय आत्ता. पायाला पट्टी बांधलीय, ती रात्री काढून ठेवायची का?

तबेला_डॉक्टर:
राहू द्या, पण आत कापूस जाड घाला आणि करकचून आवळू नका. सकाळी सोडून बघा, पट्टीच्या वर सूज दिसली तर लगेच कळवा.