मदत हवी आहे: फ्लोट थेरपी कोणी घेतली आहे का?

नमस्कार मंडळी. मी बडोद्याला दांडिया बाजारात राहते. वर्षभर मान आणि खांदे आखडलेले, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत डोळा लागत नाही. डॉक्टर म्हणाले, हाडं ठीक आहेत, स्नायू ताठरलेत. व्यायाम चालू आहे. बंगळुरूची भाची सारखी म्हणते, "मावशी, एकदा फ्लोट टँकमध्ये जाऊन बघ."

वाचलं ते असं: अंधाऱ्या, निःशब्द टाकीत जेमतेम फूटभर पाणी, आपल्या त्वचेइतकंच कोमट, साधारण ३५ अंश. त्यात शेकडो किलो एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियमचं मीठ) विरघळवलेलं, त्यामुळे पोहता न येणाराही आपोआप तरंगतो. तासभर नुसतं पडून राहायचं. १९५४ साली अमेरिकेत जॉन लिली यांनी मेंदूच्या अभ्यासासाठी अशी टाकी पहिल्यांदा वापरली, तेव्हा हे मीठ नव्हतं.

माझी खरी अडचण बंद जागेची. एकदा लिफ्टमध्ये अडकले होते, तेव्हापासून दार लागलं की छाती धडधडते. झाकण उघडं किंवा दिवा चालू ठेवू देतात का? मध्येच बाहेर यावंसं वाटलं तर आतून सहज उघडतं ना? बीपीची गोळी रोज असते, त्याबद्दल डॉक्टरांना विचारणारच आहे. आणि एवढ्या जणांनी वापरलेलं पाणी स्वच्छ कसं ठेवतात? जाण्याआधी नेमकं काय विचारून घ्यावं?

बडोद्यात किंवा अहमदाबादला कुठे सोय आहे का? नवरात्रीआधी जायचं मनात आहे, यंदा लेकीबरोबर गरबा खेळायचाय. ज्यांनी स्वतः अनुभव घेतलाय त्यांनी कृपया लिहा. मान किती दिवस हलकी राहिली, तेही सांगा.