लग्नातला बुफे बंद करून पुन्हा पंगत मांडावी का?

कृष्णाकाठ

फेब्रुवारीत माझ्या धाकट्या मुलीचं लग्न झालं. कार्यालय सांगलीतलंच, मुहूर्त दुपारी साडेबाराचा, जेवण बुफे. तीन महिने होऊन गेले तरी एक गोष्ट मनातून जात नाही, म्हणून इथे मांडतो.

माझी आई ८२ वर्षांची. नातीच्या लग्नात ती जेवली ते पुतण्याने आणून दिलेल्या ताटात. वरणात जिलबी भिजलेली, मसालेभातावर कोशिंबिरीचं पाणी, आणि मठ्ठा नाहीच, कारण गर्दीतून एका हातात ताट सांभाळून येताना पेला धरायला जमलं नाही. तिला हवा होता साधा वरण-भात, वर तूप आणि लिंबाची फोड. तेवढं विचारायला कोणी आलं नाही. येणार कुठून? विचारणारा माणूसच आपण जेवणातून काढून टाकला आहे. जिने पन्नास वर्षं "अजून थोडं वाढू का?" म्हणत घरच्या कार्यात वाढलं, ती भिंतीकडेच्या खुर्चीवर ताट मांडीवर घेऊन बसली होती.

दुसरा मुद्दा हाताचा. बुफे ही काट्या-चमच्याने जेवणाऱ्यांची पद्धत. आपण हाताने जेवतो. दुसऱ्यांदा घ्यायला उठलं की उजवा हात खरकटा असतो. अशा वेळी ताट उजव्या हातात घेऊन वाढून घ्यायला डावा हात वापरावा, एवढं भान दहांत दोघांना असतं. बाकीचे भाजीने माखलेल्या बोटांनीच डाव उचलतात. एका गृहस्थांनी स्वतःच्या ताटातला चमचा श्रीखंडाच्या भांड्यात घातलेला मी डोळ्यांनी पाहिला. घरी उष्टा चमचा बरणीत घातला तर आजी बरणी बाजूला काढून ठेवायची.

आणि बिल. करार ४०० ताटांचा होता. अक्षता वाटणाऱ्या मुलांच्या अंदाजाने माणसं ३८० च्या आसपास. बिल आलं ४६५ ताटांचं, कारण मोजतात ती वापरलेली ताटं. पहिलं अर्धवट जेवलेलं ताट टबात टाकून लोक दुसरं कोरं ताट घेतात. त्या टबांत अख्ख्या जिलब्या होत्या.

माझं म्हणणं सरळ आहे. लग्नातला बुफे बंद करावा. दीडशे-दीडशेच्या तीन पंगती बसवाव्यात, माणसं बसून जेवतील आणि त्यांना कोणीतरी वाढेल.

माजघर

काका, तुमच्या आईंबद्दल वाचून वाईट वाटलं. पण त्यांनाच एकदा विचारा, त्यांच्या तरुणपणी कार्याच्या दिवशी त्या स्वतः किती वाजता जेवायच्या.

आमच्या वाड्यातल्या पंगती मला लख्ख आठवतात. पहिली पंगत पुरुषांची आणि व्याह्यांची, दुसरी उरलेल्या पुरुषांची आणि मुलांची, तिसरी पाहुण्या बायकांची. घरच्या बायका साडेतीन-चारला. तोवर अळूच्या भाजीत पाणी घातलेलं असायचं, मसालेभात तळाचा, आणि जिलबी "आता एवढ्याच आहेत" म्हणून अर्धी-अर्धी. माझी विधवा आत्या तर कुठल्याच पंगतीत नसायची. ती स्वयंपाकघराच्या दाराआड बसून जेवायची, आणि कुणाला त्यात काही वावगं दिसत नव्हतं.

१९८८ साली चुलतभावाच्या स्वागत समारंभात मी पहिल्यांदा बुफे पाहिला. माझी आई ताट घेऊन रांगेत उभी राहिली, तिच्या पुढे तिचे मोठे दीर होते. त्या दिवशी ती गरम पुरी खात होती. घरच्या कार्यात गरम पुरी तिच्या वाट्याला आलेली मी तोवर पाहिली नव्हती. मला बुफेचे शिष्टाचार ठाऊक नाहीत, पण ती पुरी ठाऊक आहे. म्हणून "बुफे बंद करा" हे वाक्य मला सहन होत नाही.

मांडवाबाहेर

ताईंनी जे घरातलं सांगितलं, ते मी गावातलं सांगतो.

माझ्या आजोबांना गावच्या पाटलाच्या घरच्या लग्नाचं आमंत्रण असायचं. त्यांची पंगत मांडवाबाहेर, गोठ्याच्या बाजूला, सगळ्यांची जेवणं झाल्यावर. पत्रावळ आपली आपण न्यायची. वाढणारा वरून टाकायचा, पत्रावळीला हात लागू नये म्हणून. पंक्तिप्रपंच हा शब्द मराठीत उगाच आलेला नाही.

कोण कोणाबरोबर जेवतो यावर या राज्यात मोठमोठी वादळं झाली आहेत. मुंबईत १८४९ साली परमहंस सभा निघाली, तिथे सभासद जातपात मोडून एकत्र खायचे, पण ते गुपचूप. पुण्यात १८९० साली पंचहौद मिशन या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा घेतला म्हणून टिळक-रानड्यांसारख्यांवरही ग्रामण्य, म्हणजे जातीचा बहिष्कार, झालं. नुसता चहा. पुढे रत्नागिरीत आणि इतरत्र सहभोजनं मुद्दाम ठरवून घ्यावी लागली, इतकं शेजारी बसून जेवणं अवघड होतं.

बुफेने हे काम कुठलीही घोषणा न करता केलं. रांगेत पुढे कोण आणि मागे कोण हे आडनाव विचारून ठरत नाही, आणि माझ्या हातातला डाव तोच पुढच्याच्या हातात जातो. कृष्णाकाठ, तुम्हाला खरकट्या हाताची किळस आली ती स्वच्छतेपोटी, हे मी मानतो. पण विटाळाची भाषा आणि स्वच्छतेची भाषा आपल्याकडे फार जवळजवळ राहतात. म्हणून सावधपणे बोला एवढंच सांगणं.

पथ्यपाणी

मी आहारतज्ज्ञ आहे, माझा मुद्दा लहानसा आहे. पंगतीतला आग्रह मधुमेह असलेल्या माणसाला खरोखर छळतो. पानावर हात आडवा धरला तरी बाजूने जिलबी येते, आणि पानात टाकायचं नाही हाही संस्कार. म्हणून तो खातो. माझे कितीतरी रुग्ण लग्नसराईत साखर वाढवून येतात. बुफेत नको ते न घेता पुढे जाता येतं, कोणाचा अपमान होत नाही.

ओगराळं

आमच्या घरात तीन पिढ्या आचारी. मी कोल्हापूर-इचलकरंजी पट्ट्यात लग्नाची जेवणं करतो, पंगतही आणि बुफेही. दोन्ही बाजूंनी भावनेचं बोलणं झालं, आता कामाचं.

पंगतीत दीडशे माणसांना किमान पंधरा-सोळा वाढपी लागतात, तेही कसलेले. पानात मीठ-लिंबू कुठे, चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाज्या उजवीकडे, वरणाआधी भात, भातावर तूप, हे न सांगता कळणारे. अशी माणसं आता मिळत नाहीत. मुलं येतात ती शिकलेली नसतात, आमटीचं ओगराळं पाहुण्याच्या धोतरावर रिकामं करतात. एक पंगत बसून उठेपर्यंत चाळीस मिनिटं, मग केर-फरशी, मग पुन्हा मांडामांड. साडेबाराच्या मुहूर्ताला तिसरी पंगत उठायला साडेतीन होतात, आणि कार्यालयवाला चारला हॉल मागतो, कारण संध्याकाळी त्याच्याकडे दुसरं कार्य असतं. बुफे आला तो या हिशोबामुळे. साहेबी थाटाची हौस म्हणून नव्हे.

आता बुफेचं खरं दुखणं. ते शिष्टाचाराच्या आधी वेळेचं आहे. पार्टीतला बुफे संध्याकाळभर चालतो, माणसं येतात-जातात. आपल्याकडे शेवटची मंगलाष्टकं संपून अक्षता पडल्या की चारशे माणसं एकाच क्षणी ताटांकडे वळतात. टेबल मात्र एकाच बाजूने लावलेलं. रांग लांब दिसली की माणूस घाबरतो, परत यावं लागू नये म्हणून एकाच फेरीत सगळं भरून घेतो. टाकलेल्या अन्नाचं निम्मं कारण हे आहे. मी जिथे चार ठिकाणी तेच तेच पदार्थ लावतो आणि टेबल भिंतीपासून पुढे ओढून दोन्ही बाजूंनी मोकळं ठेवतो, तिथे टब अर्धे भरतात. यजमानांना मात्र तीस पदार्थांची एकच लांब रांग हवी असते, फोटोत चांगली दिसते म्हणून.

ताटांच्या मोजणीबद्दल. कृष्णाकाठ, करार करताना "माणशी" लिहून घ्यायचं, "ताटागणिक" नाही. वास्तविक दुसऱ्या फेरीला कोरं ताट घेणं हेच स्वच्छ, कारण वाढायचा डाव उष्ट्या ताटाला टेकतो. पण ताटं मोजून पैसे लावले की तोच स्वच्छ माणूस यजमानाचा खर्च वाढवतो. मोजणीची ही पद्धत आमच्या धंद्याने सोडायला हवी, हे मी आमच्या लोकांनाही सांगतो.

आणि एक, जे कोणी विचारत नाही. बुफेतलं अन्न खाली दिवा असला तरी कोमट होत जातं. जागतिक आरोग्य संघटनेचं सांगणं आहे की गरम पदार्थ ६० अंशांच्या वर ठेवावा, आणि शिजवलेलं अन्न नुसतं बाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहू देऊ नये. पंगतीत पातेलं थेट चुलीवरून येतं. तिथे पंगत जिंकते, हे मी मान्य करतो.

तोक्योत_सात_वर्षं

जपानमध्ये बुफेला "बायकिंगु" म्हणतात. तोक्योच्या इम्पिरियल होटेलने १९५८ साली स्कँडिनेव्हियाच्या धर्तीवर हा प्रकार सुरू केला आणि त्याला व्हायकिंगांचं नाव दिलं. पद्धत बाहेरची, पण त्यांनी तिला स्वतःचे नियम लावले. हवं तितकं खा, अशा हॉटेलांत बहुधा नव्वद मिनिटं किंवा दोन तास मिळतात, आणि ताटात टाकलं तर जादा पैसे घेऊ, अशी पाटी काही ठिकाणी असते. लोक थोडं घेतात, संपवतात, पुन्हा उठतात. लहान मुलांनाही हेच शिकवतात.

आपण बुफे घेतला आणि नियम घेतलेच नाहीत. २०१९ साली स्वित्झर्लंडमधल्या एका हॉटेलची नोटीस सगळीकडे फिरली होती, खास भारतीय पाहुण्यांसाठी, की नाश्त्याचे पदार्थ बरोबर नेऊ नका. ती एका देशाच्या लोकांना उद्देशून लिहिली हे चूकच होतं आणि मलाही राग आला. पण त्याच वर्षी गोव्याच्या हॉटेलात माझ्या शेजारच्या टेबलावर एक कुटुंब उकडलेली अंडी आणि केळी पिशवीत भरत होतं, तेही डोळ्यांसमोर होतं. "पैसे भरलेत" एवढं कारण पुरतं असं त्यांना मनापासून वाटत होतं. पैसे तिथे बसून पोटभर खाण्याचे भरलेले असतात, दुपारच्या डब्याचे नाही. हे कोणी शांतपणे सांगितलं असतं तर त्यांनी ऐकलं असतं, असं मला वाटतं. मी सांगितलं नाही, याची चुटपुट अजून आहे.

हिंजवडी_मुक्काम

बुफेला अन्न टाकण्याबद्दल एवढं धारेवर धरताना एक आकडा ध्यानात ठेवा. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ साली जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं. त्यातलं ६० टक्के घरांतून, हॉटेल-केटरिंगमधून २८ टक्के. म्हणजे आपल्या फ्रिजमधली कालची भाजी मोठी गुन्हेगार आहे.

हॉटेलातल्या बुफेबद्दल माझं मत वेगळं आहे. आम्ही ऑफिसचे आठ जण जातो. एक जैन, दोघं मासे खाणारे, एकीला दूध चालत नाही. मेनूकार्डावर भांडत बसण्यापेक्षा बुफे आम्हाला स्वस्त पडतो. एकट्याने जाऊ नये, तेव्हा तो महाग असतो.

कृष्णाकाठ

सगळ्यांचं वाचलं, दोन दिवस विचार केला.

माजघर ताई, तुमच्या सांगण्यावरून आईला विचारलं. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "मला आठवतं ते उरलेल्या वरणाचं." माझ्या लहानपणी मी पहिल्या पंगतीत वडिलांशेजारी बसायचो. मला पंगत आठवते ती तिथून. मांडवाबाहेर, तुम्ही म्हणालात तेही मी मनावर घेतलं आहे. पंगतीबद्दल मी ज्या ओढीने लिहिलं, त्यात तुमच्या आजोबांची पत्रावळ कुठेच नव्हती.

तरीही वाढणारा माणूस हवा, यावरून मी हटत नाही. मुंबईत काळबादेवीचं ठाकर भोजनालय १९४५ पासून चालू आहे. तिथे हवं तेवढं खायला मिळतं, पण बसून, आणि फुलके घेऊन येणारा माणूस तुमच्या ताटाकडे बघत असतो. शेजारी कोण बसलं आहे हे कोणी विचारत नाही. म्हणजे वाढणं वेगळं आणि पंक्तिप्रपंच वेगळा, दोन्ही सुटे करता येतात.

ऑगस्टमध्ये पुतण्याचा साखरपुडा आहे, माणसं दोनशे. ओगराळं, तुम्हीच सांगा काय करावं.

ओगराळं

दोनशेसाठी असं करा. साठ जणांची टेबल-खुर्ची मांडा, तिथे वाढप. म्हातारी माणसं, गरोदर बायका, लहान मुलं घेतलेल्या आया, आणि ज्याला बसून जेवायचं आहे तो कोणीही. आठ वाढपी मी आणतो. उरलेल्यांना दोन ठिकाणी बुफे, दोन्हीकडे डावामागे माझा माणूस उभा, म्हणजे पाहुण्याच्या खरकट्या हाताचा प्रश्नच येत नाही. पदार्थ बारा, जास्त नाहीत. दर माणशी. लहान ताटं आणू नका, लोक दोन घेतात.

माजघर

साठातल्या पहिल्या दहा खुर्च्या त्या दिवशी घरात राबणाऱ्या बायकांसाठी राखून ठेवा. आणि त्या बसल्यावर वाढायला पुतण्याला आणि त्याच्या मित्रांना उभं करा. ओगराळं दादा आदल्या दिवशी त्यांना शिकवतील का?

ओगराळं

तासाभराचं काम आहे, पाठवा. धोतर नेसून नको, पँट घालून या म्हणावं.