फिलिपिन्सची वहिनी गावात आली हाय, आता राहायची परवानगी कशी काढावी?

धानपट्टी_लाखांदूर

नमस्कार मंडळी. लाखांदूर तालुक्यातून लिहून राहिलो. प्रश्न माह्या चुलतभावाचा हाय. तो दुबईले हॉटेलच्या किचनमंधी होता, तिथंच फिलिपिन्सची एक पोरगी कामाले होती, दोघाचं जुळलं. मंग मोठ्या बाबाची तब्येत बिघडली म्हणून भाऊ सगळं सोडून गावाले आला अन् आता धान तोच पाहून राहिला. पोरगी मागून आली, ई-टुरिस्ट व्हिसावर. गावात बौद्ध पद्धतीनं लग्न लागलं, पोरगी ख्रिश्चन हाय पण तिनं काही हरकत घेतली नाही, वंदना गिंदना सगळं केलं, पंगत उठली, फोटो निघाले.

आता पोलीस पाटील घरी येऊन गेला, म्हणे बाहेरदेशचा माणूस घरी ठेवला तं कळवा लागते, तुमी काऊन नाही कळवलं? मोठी माय तवापासून घाबरून हाय. ग्रामसेवक म्हणते रहिवासी दाखला देतो, काम झालं. अन् भाऊ म्हणते लग्न झालं म्हणजे ते आता भारताचीच झाली, व्हिसाचं काय घेऊन बसले. मले काही हे इतलं सोपं वाटत नाही. व्हिसा संपाले दिवस हायेत पण लई नाहीत. कोणाले ठाऊक असन तं सांगजा, कोण्या ऑफिसात जावं, सुरवात कुठून करावी.

सेतूवाला_पवनी

रहिवासी दाखला काढून ठेवा, तो कुठंही लागतेच. मंग आधार काढा, आधार आलं की बँक, सिम सगळं होते. आमच्याकडं कोणी विचारत नाही बापा तू कुठली म्हणून.

जुनी_खाकी

सेतूवाले भाऊ, थांबा जरा. मी जिल्हा विशेष शाखेत होतो, विदेशी लोकांचं रजिस्टर बरीच वर्षं माझ्याच टेबलावर होतं, आता रिटायर आहे म्हणून मोकळेपणी लिहितो.

रहिवासी दाखला म्हणजे एवढंच की हा माणूस या गावात राहतो. तो देशात राहू शकतो का, हे ठरवायचा अधिकार ग्रामपंचायतीला तर नाहीच, तहसीलदारालाही नाही आणि खरं म्हणजे राज्य सरकारलाही नाही. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत नागरिकत्व, परकीय नागरिक, देशात प्रवेश, व्हिसा हे सगळं केंद्राच्या सूचीत आहे. केंद्रात हे गृह मंत्रालय पाहतं आणि जिल्ह्यात त्यांचं काम एसपी साहेबांकडं असतं, म्हणजे जिल्ह्याचे एफआरओ, विदेशी लोकांची नोंदणी करणारे अधिकारी, तेच. तुमच्यासाठी भंडाऱ्याचं एसपी ऑफिस.

आणि भावाला सांगा, लग्नानं कोणी भारतीय होत नाही. नागरिकत्व कायदा १९५५ च्या कलम ५ प्रमाणं भारतीयाशी लग्न केलेल्या विदेशी व्यक्तीला आधी भारतात सात वर्षं राहावं लागतं, त्यातलं अर्जाच्या लगेच आधीचं एक वर्ष सलग, तेव्हा कुठं नोंदणीनं नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. तो जातो कलेक्टर ऑफिसातून वर. शिवाय आपल्याकडं दुहेरी नागरिकत्व नाही, तिला फिलिपिन्सचं सोडावं लागेल. ती फार पुढची गोष्ट आहे. सध्या प्रश्न एवढाच की पासपोर्टावरच्या शिक्क्याच्या तारखेनंतर ती इथं कोणत्या कागदावर राहणार.

पोलीस पाटील बरोबर बोलला. त्या कळवण्याच्या फॉर्मला फॉर्म सी म्हणतात. हॉटेल असो, लॉज असो, धर्मशाळा असो की तुमचं कवेलूचं घर, विदेशी माणूस मुक्कामाला आला की चोवीस तासांत कळवायचं असतं. ऑनलाइन होतं, पण पहिले घराचं रजिस्ट्रेशन करावं लागतं, ते एफआरओ मंजूर करतात, मग यूजर आयडी चालतो. उशीर झाला म्हणून लपवून ठेवू नका, आजच भरा आणि स्वतःहून जाऊन सांगा. आमच्या टेबलावर स्वतः येऊन सांगणाऱ्याला बसायला खुर्ची मिळायची, पाटलाच्या रिपोर्टवरून सापडणाऱ्याला नाही मिळायची, साधी गोष्ट आहे.

कायदाही आता नवा आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून इमिग्रेशन अँड फॉरेनर्स अॅक्ट २०२५ लागू झाला, त्यानं जुने चार कायदे गेले, त्यातला सगळ्यात जुना १९२० चा होता. मुदत संपल्यावर राहिलं तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा तीन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. भिववत नाही, पण कोणी म्हटलं 'काही होत नाही' तर हा आकडा सांगा.

झाडीपट्टी_अर्जुनी

खाकी साहेबाईचं बरोबर हाय. मी अर्जुनी मोरगावचा, आमच्या तालुक्यात हे सगळं लहानपणापासून पाहून राहिलो म्हणून लिहितो.

गोठणगावजवळ तिबेटी लोकाईची वस्ती हाय, नॉर्ग्येलिंग, १९७२ पासूनची. त्यातले कितीक जण इथंच जन्मले, आमच्यासारखं बोलतेत, धान लावतेत, हिवाळ्यात स्वेटर विकाले शहरात जातेत. तरी सरकारच्या कागदावर ते विदेशी. त्याईच्याजवळ आरसी असते, रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट, ते मुदतीत नवं करा लागते. बाहेरदेशी जायचं तं पासपोर्ट नाही, पिवळं पुस्तक मिळते, आयसी म्हणतेत त्याले. अन् गंमत पाहा, कायद्यात असं हाय का २६ जानेवारी १९५० पासून १ जुलै १९८७ च्या आधी जो भारतात जन्मला तो जन्मानंच नागरिक, मायबाप कुठलेही असोत. म्हणजे कॅम्पातला १९८० चा माणूस कायद्यानं भारतीय. पण सरकार आरसीवालेच समजत होतं, कोर्टात जावं लागलं, दिल्ली हायकोर्टानं २०१० मंधी अन् मंग २०१६ मंधी त्याईच्या बाजूनं निकाल देल्ला तवा पासपोर्टचा रस्ता मोकळा झाला. त्यातही अटी अशा का आरसी परत करा, वस्ती सोडा. कोण सोडते घरदार?

आता त्याच तालुक्यात अरुणनगर, गौरनगर हे बंगाली कॅम्प. ते पूर्व पाकिस्तानातून आले, सरकारनंच आणून वसवले, जमिनी देल्ल्या, आज मतदान करतेत, निवडणुका लढवतेत. त्याच तालुक्यात चौकात मोमोज विकणारा नेपाळी पोट्टा, त्याले ना व्हिसा ना रजिस्टर, १९५० च्या करारानं त्याले सगळं मोकळं. तिघंही बाहेरून आले, तिघाईचे खाने वेगळे. सरकार माणूस पाहत नाही, खाना पाहते. तुमची वहिनी सध्या 'पर्यटक' या खान्यात बसून हाय, तिले तिथून 'भारतीयाची बायको' या खान्यात न्या लागते, बस इतलंच काम हाय. इतलंच म्हणजे लई हाय, पण हायच.

नागपूरकर_इतवारी

झाडीपट्टी भाऊ, खान्यावरून आठवलं, आमच्या दीक्षाभूमीचे भंते सुरेई ससाई. जन्म जपानचा, १९६६ ला भारतात आले, नागपुरात धम्माचं काम केलं, सगळ्या विदर्भात लोक त्यांना ओळखतात. तरी व्हिसाची मुदत संपली म्हणून त्यांना देशाबाहेर काढायची केस झाली होती न! १९८७ मध्ये ती केस निकालात निघाली आणि त्यांना भारताचं नागरिकत्व मिळालं. आता बघा, एवढ्या मोठ्या माणसाच्या मागंही कागद लागला. आपल्यामागं तर लाखो लोक उभे राहणार नाहीत, त्यामुळं तारीख संपू देऊ नका भाऊ.

धानपट्टी_लाखांदूर

बापरे. लई माहिती भेटली जी. आता मले सरळ सांगा, लग्न तं झालं, फोटो हायेत, पत्रिका हाय, विहारातल्या भंतेचं पत्र हाय. ग्रामपंचायतीत लग्नाची नोंद करून तोच कागद एसपी ऑफिसात देल्ला तं चालन का? अन् तिले इथं असतानाच व्हिसा बदलून भेटन का, का वापस जा लागते? तिकिटाचे पैसे म्हणजे एका हंगामाचा बोनस गेला समजा.

जुनी_खाकी

ग्रामपंचायतीची नोंद इथं अडकेल. बौद्ध पद्धतीचं लग्न हिंदू विवाह कायद्यात बसतं, बौद्ध त्यात येतात, पण त्यासाठी दोन्ही बाजू त्या कायद्याखालच्या हव्यात. मुलगी ख्रिश्चन आहे, धर्म बदललेला नाही, आणि बदलायची गरजही नाही. त्यामुळं तुमचा रस्ता स्पेशल मॅरेज अॅक्ट १९५४. जिल्ह्याच्या ठिकाणी रजिस्ट्री ऑफिसात विवाह अधिकारी असतो, तिथं नोटीस द्यायची, ती तीस दिवस बोर्डावर लागते, कोणाची कायदेशीर हरकत आली नाही की लग्न लागतं. नव्यानं लग्न लावणार असाल तर दोघांपैकी एकाचा त्या जिल्ह्यात तीस दिवस मुक्काम हवा. झालेल्याच लग्नाची नोंद करायची असेल तर दोघांचाही हवा. तुमच्या केसमध्ये नव्यानं लावणं सोपं पडेल असं मला वाटतं, पंगत पुन्हा द्यायची गरज नाही.

तिच्याकडून मुख्य कागद म्हणजे ती लग्नाला मोकळी आहे याचा दाखला. फिलिपिन्सचे लोक त्याला सेनोमार म्हणतात, तो तिच्या देशातून निघतो, आणि दिल्लीतल्या त्यांच्या दूतावासाकडून लग्न करायला हरकत नसल्याचं पत्र. ह्यालाच सगळ्यात जास्त वेळ लागतो. पहिले हे मागवा, बाकीचं नंतर. जन्माचा दाखला पण लागेल, पासपोर्ट तर लागतोच.

व्हिसाचं म्हणाल तर, ई-व्हिसा वाढवूनही मिळत नाही आणि बदलूनही मिळत नाही, ते सरकारच्या वेबसाइटवरच लिहिलेलं असतं. ई-एफआरआरओ या विदेशी लोकांच्या नोंदणीच्या सरकारी पोर्टलवर भारतीयाशी लग्न झालं या कारणानं एन्ट्री व्हिसात बदल मागायची सोय आहे, पण ई-व्हिसावर आलेल्याला तिथं किती थारा मिळेल याच्या भरवशावर तारीख संपू देऊ नका. एसपी ऑफिसात विचारा, 'नाही' म्हणाले तर मुदतीच्या आत परत जाऊ द्या. लग्नाचा दाखला घेऊन मनिलातल्या भारतीय दूतावासात भारतीयाची पत्नी म्हणून एन्ट्री व्हिसा मागायचा. तो १८० दिवसांवरचा मिळाला की इथं उतरल्यापासून चौदा दिवसांत रजिस्ट्रेशन. मग ठाण्यातून पडताळणीला माणूस येईल, शेजाऱ्यांना विचारेल, त्याला चहा पाजा, पैसे देऊ नका. पुढं तो व्हिसा टप्प्याटप्प्यानं वाढवता येतो.

सेतूवाला_पवनी

आधारचं काय मंग? विदेशी लोकाईले भेटते ना.

जुनी_खाकी

भेटतं, मागच्या बारा महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिलेल्या विदेशी माणसाला. तिचे तेवढे झालेले नाहीत. आणि झाले तरी आधार नागरिकत्वाचा पुरावा नाही. राशन कार्डात नाव, मतदार यादीत नाव, असलं काही कोणी 'करून देतो' म्हटलं तर त्याला हात जोडा. मतदार फक्त नागरिक होतो, खोटं लिहून दिलं तर ते वेगळंच प्रकरण होतं आणि पुढं नागरिकत्वाच्या अर्जात तेच आडवं येतं. आमच्याकडं फाइल वर पाठवताना असलं काही निघालं की ती फाइल मग हलतच नसे.

वणीचा_वकील

दोन गोष्टी राहिल्या, ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया, नाव सिटिझन असलं तरी नागरिकत्व नाही) अन् शेती.

लग्नाची नोंद होऊन दोन वर्षं सलग संसार झाला की ती ओसीआय कार्डाचा अर्ज करू शकते. तिच्याकडं पाकिस्तान किंवा बांगलादेशचं नागरिकत्व कधी नव्हतं, आईवडील आजीआजोबांचंही नव्हतं, म्हणजे तो अडथळा नाही. भारतात राहून अर्ज केला तर फी १५,००० रुपये. सुरक्षा तपासणी होते, वेळ लागतो. पण एकदा भेटलं की व्हिसाची कटकट गेली, आयुष्यभर ये-जा. नोकरी करता येते, सरकारी सोडून. मत देता येत नाही. अन् घटस्फोट झाला तर बायको म्हणून भेटलेलं ओसीआय जाते, हे मुलीला आधीच समजावून सांगा, पोरीच्या बाजूनं कोणी बोलत नाही म्हणून मी बोलतो.

शेतजमीन ओसीआयवाल्याला विकत घेता येत नाही. वारसानं येऊ शकते. म्हणजे भाऊ उद्या नवीन वावर घेईन अन् अर्धी बायकोच्या नावानं करीन म्हणत असंल तं ते जमणार नाही. घर घेता येते.

धानपट्टी_लाखांदूर

वकील साहेब, खाकी साहेब, एक विचाराचं राहिलं. लेकरू झालं तं ते कुठलं धरतेत? मोठ्या मायले हाच घोर हाय, बाकी काही नाही.

वणीचा_वकील

३ डिसेंबर २००४ नंतर भारतात जन्मलेलं लेकरू जन्मानं भारतीय तेव्हाच, जेव्हा मायबाप दोघंही भारतीय, किंवा एक भारतीय अन् दुसरा 'बेकायदेशीर स्थलांतरित' नाही. आता त्या कायद्यात बेकायदेशीर म्हणजे फक्त लपूनछपून आलेला नाही, परवानगीच्या मुदतीपेक्षा जास्त राहिलेला पण त्यातच. म्हणून वहिनीचा व्हिसा संपलेला असताना इथं लेकरू झालं तर बाप लाखांदूरचा असूनही पोराच्या नागरिकत्वावर बोट ठेवता येते. भावाला 'व्हिसाचं काय घेऊन बसले' याचं उत्तर हे द्या.

धानपट्टी_लाखांदूर

देल्लं. चूप बसला. सोमवारी दोघाईले घेऊन भंडाऱ्याले जातो. फॉर्म सी आज राती भरतो, नेट चाललं तं. दूतावासाचा मेल वहिनीनं स्वतःच टाकला, तिचं इंग्रजी आमच्या साऱ्या घरापेक्षा चांगलं हाय.

सेतूवाला_पवनी

नेट नाही चाललं तं पवनीले या. पासपोर्टचं फोटोवालं पान अन् व्हिसाचं पान वेगवेगळं स्कॅन करा लागन, फोटो पांढऱ्या मागच्या भिंतीचा पाह्यजे, अन् घराचं लाइट बिल आणजा, बिल मोठ्या बाबाच्या नावाचं असन तं त्याईचं आधार पण. दुपारी येऊ नका, लाइन जाते.