स्नॅपशॉट आहे, पण त्यातनं साईट उठते का?
काही जण म्हणतात की रोज रात्री सर्व्हरच्या डिस्कचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची प्रत, पडतोय म्हणजे काळजी नाही. तसं नाहीये हो. इथं सोलापुरात एका चादरीवाल्यांची साईट मी बघतो, मागं फाइली उडाल्या म्हणून ईबीएसच्या (ॲमेझॉनच्या क्लाउडवरच्या डिस्कच्या) स्नॅपशॉटवरनं नवीन डिस्क करून त्याच सर्व्हरला जोडली तर माउंटच होईना, म्हणजे वापरायला उघडेचना, कारण डिस्कवरची फाइल सिस्टीम (फाइली मांडायची पद्धत) एक्सएफएस होती आणि जुन्या-नव्या दोन्ही डिस्कचा यूयूआयडी, म्हणजे ओळख क्रमांक, एकच, शेवटी तो क्रमांक बघू नको असं सांगणारा नोयूयूआयडी ऑप्शन देऊन उघडली. शिवाय अशा नव्या डिस्कवरनं पहिल्यांदा वाचताना डेटा एस-थ्रीवरनं (ॲमेझॉनच्या ऑनलाइन साठवणीतनं) लागेल तसा येतो, त्यामुळं लई स्लो. आणि चालू डेटाबेसचा स्नॅपशॉट म्हणजे अचानक लाईट गेल्यावर डिस्कवर जे राहतं ते, म्हणून मायएसक्यूएलचा (साईटच्या डेटाबेसचा) डंप, म्हणजे सगळा डेटा फाइलीत उतरवून, मी वेगळा काढतोच. महिन्यातनं एकदा कोऱ्या सर्व्हरवर सगळं उभं करून बघा, अगदी ऑर्डरचं पान उघडेपर्यंत.