नायट्रसची टाकी तापते आणि ओ-रिंग फुगते, काय करावं?

बल्कहेड_०७: मंडळी, कॉलेज टीमचं हायब्रिड रॉकेट इंजिन आहे, म्हणजे घन इंधन आणि द्रव ऑक्सिडायझर (इंधन जाळायला ऑक्सिजन पुरवणारा पदार्थ). इंधन एचटीपीबी (रबरासारखं), ऑक्सिडायझर नायट्रस ऑक्साइड, टाकी ३ लिटरची, ॲल्युमिनियमची. एप्रिलमध्ये नागपूरजवळ स्टॅटिक टेस्ट (इंजिन जमिनीला बांधून चालवणं) आहे. दोन अडचणी: उन्हात टाकीचा दाब ७० बारला टेकतो, आणि टाकी उघडली की नायट्राइल रबराची ओ-रिंग (सील करणारं गोल कडं) फुगलेली असते, खाचेत परत बसतच नाही. मटेरियल चुकलंय की खाच?

व्हॉल्व्हवाला: आधी तापमान, ओ-रिंग नंतर. नायट्रसचं क्रांतिक तापमान ३६.४ अंश. त्यापुढे द्रव आणि वाफ असा भेदच उरत नाही, आणि नागपूरच्या एप्रिलमध्ये सावलीतही पारा त्याच्या वर असतो.

खरा धोका भरण्याच्या हिशेबात आहे. २० अंशांना द्रव लिटरमागे साधारण ७८५ ग्रॅम असतो, ३० ला ६८८, ३५ ला ५९०. तुमच्या टाकीत २० अंशांना १५ टक्के जागा रिकामी ठेवली तरी जवळपास २ किलो माल बसतो, आणि टाकी ३० च्या आसपास गेली की ती जागा संपते. पुढे दाब झपाट्याने चढतो. म्हणून वजनकाट्यावर भरा आणि १.८ किलोला थांबा. मग ही वेळ ३५ च्या जवळ येते.

टाकीत द्रव आणि वाफ दोन्ही असेपर्यंत प्रेशर गेज हाच थर्मामीटर: ४० बार म्हणजे १० अंश, ५०.६ म्हणजे २०, ६३ म्हणजे ३०. बाहेरचा सेन्सर २५ दाखवतोय आणि गेज ७० च्या पुढे, तर टाकी द्रवाने गच्च भरली आहे. जवळ जाऊ नका, लांबूनच व्हेंट (दाब सोडायचा व्हॉल्व्ह) उघडा.

टेस्ट पहाटे घ्या. टाकीवर छत्री आणि ओलं फडकं. दाब कमी पडला तरी हीट गन किंवा ज्योत अजिबात नको, कोमट पाणी पुरे.

सील_तपासनीस: रिंगबद्दल. नायट्रस रबरात मुरतो. दाब एकदम सोडला की आतला वायू फुगतो, रिंग मोठी होते, कधी आतून फोडही येतात. व्हायटन रबराने हा त्रास जाईल असं समजू नका. मी ईपीडीएम रबर घेईन, कडकपणा ९० शोर, कमी दाबाच्या बाजूला पीटीएफईची (टेफ्लॉनची) बॅकअप रिंग, म्हणजे ओ-रिंगला मागून टेकू देणारं कडं. दाबण (बसवताना रिंग किती चेपली जाते ते) १५ ते २० टक्के. फुगायला वाव राहावा म्हणून खाच ८० टक्क्यांपेक्षा जास्त भरू नका. दर भरणीला नवी रिंग. जुनी रात्रभर उघडी ठेवली की मापावर येते, पण ती फक्त ड्राय-फिटला, म्हणजे नायट्रस न भरता जोडून बघायला.

ग्रीस कोणतं लावता?

बल्कहेड_०७: साधं पेट्रोलियम जेली.

सील_तपासनीस: आजच थांबवा! ईपीडीएम त्याने सडतं, आणि नायट्रसच्या संगतीत ते चक्क इंधन आहे. क्रायटॉक्ससारखं पीएफपीई (फ्लोरिनयुक्त, न जळणारं) ग्रीस, तेही बोटावर चमक येईल एवढंच. आधी सगळे भाग डिटर्जंटने धुवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि पूर्ण वाळवा. थेंबभर अल्कोहोल राहिलं तरी तेही इंधनच.

व्हॉल्व्हवाला: बॉल व्हॉल्व्ह झटकन उघडू नका. पुढच्या बंद नळीतली वाफ एकदम दाबली जाऊन तापते आणि तिथेच नायट्रसचं स्फोटक विघटन सुरू होऊ शकतं. २००७ साली अमेरिकेतल्या मोहावीत नायट्रसच्या कोल्ड-फ्लो चाचणीत (न पेटवता नुसता नायट्रस सोडून बघणं) तिघे गेले, आणि तेव्हा इंजिन पेटवलेलंही नव्हतं. भरणी रिमोटने, माणसं आडोशामागे, टाकीवर बर्स्ट डिस्क (ठरलेल्या दाबाला फाटून वायू सोडणारी चकती). टाकीची पाण्याने १.५ पट दाबाची चाचणी झालीय का? शिवाय पेसोचं (स्फोटकं आणि दाबाच्या टाक्यांवर देखरेख ठेवणारी केंद्राची संस्था) मुख्यालय नागपुरातच आहे, २०१६ च्या गॅस सिलिंडर नियमांत तुमची टाकी कशी बसते ते आधी तिथे विचारा.