एज ऑफ एम्पायर्स २ नंतर कोणता आरटीएस (रिअल-टाइम स्ट्रॅटेजी, म्हणजे घड्याळ चालू असताना खेळायचा डावपेचांचा कॉम्प्युटर गेम) घेऊ? (क्लिक कमी, डोकं जास्त)

लाकूडतोड्या:

शाळेत असल्यापासून एज ऑफ एम्पायर्स २ खेळतोय. आधी १९९९ ची जुनी आवृत्ती, २०१९ पासून डेफिनिटिव्ह एडिशन. २०२२ मध्ये डायनॅस्टीज ऑफ इंडिया हे विस्तारपॅक आलं तेव्हा महिनाभर त्यातली गुर्जर ही संस्कृती सोडून दुसरं काही घेतलंच नाही. मेंढ्या कापून न खाता मिलमध्ये ठेवायच्या आणि त्यातून थेंबाथेंबाने अन्न येत राहतं, ही कल्पनाच मला फार आवडली होती.

मला या खेळातली पहिली वीस मिनिटं आवडतात. तीन व्हिलेजर (कामकरी), एक स्काउट (टेहळणीचा घोडेस्वार), धुक्यात कुठेतरी मेंढ्या. एका व्हिलेजरने रानडुकराला दोन बाण मारायचे आणि टाउन सेंटरकडे, म्हणजे मुख्य इमारतीकडे, पळत सुटायचं. डुक्कर अगदी दारात आलं की बाकीच्यांनी त्याच्यावर तुटून पडायचं. ३४० अन्न मिळतं. एक व्हिलेजर उशिरा वळला तर पळणारा मरतो आणि पुढची दहा मिनिटं त्याची उणीव जाणवते. हजारदा केलंय, अजून कंटाळा आलेला नाही.

अडचण पुढे येते. लोकसंख्या २०० च्या जवळ गेली की मी उत्तरेला घोडेस्वार सांभाळत असतो आणि दक्षिणेला वीस माणसं संपलेल्या सोन्याच्या खाणीपाशी नुसती उभी असतात. शेतं आता आपोआप पुन्हा पेरली जातात, तेवढी सोय झाली. पण गेलं वर्षभर उजवं मनगट दुखतंय, डॉक्टरांनी माउस कमी करायला सांगितलाय. स्टारक्राफ्ट २ ची कॅम्पेन (कथेतल्या मोहिमा) खेळलो, फार सुंदर आहे. ऑनलाइन मात्र तीन सेकंद नजर हटली की सैन्य गेलेलं असतं. तो वेग माझ्या हातांना झेपत नाही.

तर असा आरटीएस सांगा ज्यात अर्थव्यवस्था उभी करण्याला खरं महत्त्व आहे, एकट्याने एआयविरुद्ध खेळून समाधान मिळतं आणि हातापेक्षा निर्णयाची किंमत जास्त आहे. टर्न-बेस्ड (आळीपाळीने खेळायचे) सुचवू नका. घड्याळ चालू असताना ठरवण्यातच मला मजा वाटते.

खंदक:

कंपनी ऑफ हीरोज ३ (२०२३) बघा. एकट्याने खेळताना खेळ थांबवून प्रत्येक तुकडीला हुकूम देऊन ठेवता येतात आणि मग पुन्हा सुरू करता येतो. मनगटासाठी याहून चांगली सोय आरटीएसमध्ये मी पाहिलेली नाही. व्हिलेजर नाहीत, मॅपवरचे भाग ताब्यात घेतले की इंधन आणि दारूगोळा येत राहतो. खिडकीत मशीनगन बसलेली असते, समोरून गेलेली तुकडी जमिनीला चिकटते, आणि तेवढ्यात तुम्ही दुसऱ्या तुकडीला कुंपणामागून वळसा घालायला पाठवता. एक तुकडी वाचवण्यासाठी इतका जीव टाकायला दुसऱ्या कुठल्या खेळाने लावलेलं नाही.

२००६ चा पहिला भाग अजूनही माझा सर्वात आवडता, पण तुमच्या हातासाठी तिसराच.

गढीवाला:

खंदक, खेळ उत्तमच आहे, पण त्यांनी मागितलेला तो नाही. ज्याला मिलमधल्या मेंढ्या आवडतात त्याला इंधनाचे पॉइंट पुरणार नाहीत.

लाकूडतोड्या, तुम्ही टोटल अॅनिहिलेशनच्या (१९९७) घराण्याकडे वळा. सुप्रीम कमांडर (२००७) त्याचाच वारस, आणि बियॉन्ड ऑल रीझन त्याच वळणाचा, फुकट आणि ओपन सोर्स. यांची अर्थव्यवस्था तुमच्या खेळापेक्षा मुळातच वेगळी आहे. एजमध्ये शेत हवं तर ६० लाकूड आधी मोजायचं, मग शेत. इथे आधी काही मोजायचं नाही. काम सुरू केलं की ते पूर्ण होईपर्यंत धातू आणि ऊर्जा नळासारखी वाहत राहते. दहा कामं एकदम काढली तर दहाही सुरू होतात, आणि साठा शून्यावर आला की सगळी एकदम रेंगाळतात. पाणी किती येतंय आणि किती जातंय, खेळभर नजर त्यावरच.

सुप्रीम कमांडरमधला माझा एक डाव सांगतो. शील्डखाली (ऊर्जेवर चालणाऱ्या संरक्षक कवचाखाली) बेस निवांत होता. मी हावरटपणाने आणखी एका मोठ्या फॅक्टरीचं काम काढलं आणि सगळे इंजिनियर तिच्यावर लावले. ऊर्जेचा आकडा लाल झाला, मी तो पाहिला, आणि ‘होईल एवढ्यात पूर्ण’ म्हणून सोडून दिला. साठा संपला तशी शील्ड गेली, रडार गेलं, आणि बॉम्बर नेमके तेव्हा आले. हात हळू होते म्हणून मी हरलो नाही. चार मिनिटं आधी एक निर्णय चुकला म्हणून हरलो. तुम्ही मागताय ते हेच, असं मला वाटतं.

क्लिकचं म्हणाल तर शिफ्ट दाबून वीस इमारतींची रांग लावा आणि सोडून द्या. फॅक्टरीला रिपीटवर टाकलं की ती तेच युनिट काढत राहते. चाक फिरवून इतकं वर जाता येतं की अख्खा मॅप दिसतो आणि युनिटच्या जागी फक्त चिन्हं उरतात. उत्तर-दक्षिण दोन्ही एकाच नजरेत. सुरुवात बियॉन्ड ऑल रीझनपासून करा, पण कॅम्पेनची अपेक्षा ठेवू नका. स्कर्मिशच (कथा नसलेले सुटे डाव) खेळायचं आहे.

तटबंदी:

दे आर बिलियन्स. स्पेस दाबा, खेळ थांबतो, थांबलेल्या खेळात हव्या तेवढ्या इमारती लावा. पण भिंतीच्या कोपऱ्यात एक घर जरी उघडं राहिलं आणि एक झॉम्बी शिरला, तर त्या घरातली माणसं झॉम्बी होऊन शेजारच्या घरात शिरतात. सर्व्हायव्हलमध्ये मागचा सेव्ह उघडून सुधारायची सोय नाही. जपून खेळणाऱ्याला फार भावतो.

चांदोबा:

राइज ऑफ नेशन्स (२००३) कोणीच कसा सांगितला नाही? रिकामा बसलेला नागरिक त्यात स्वतःहून काम शोधतो. खाणीपाशी उभ्या वीस माणसांचा तुमचा प्रश्न तिथेच मिटतो. शिवाय प्रत्येक राष्ट्राला सीमा आहे. तुमच्या हद्दीत घुसलेलं सैन्य रसदगाडीशिवाय आपोआप झिजत जातं, त्यामुळे शहर कुठे वसवायचं हाच अर्धा बचाव. २०१४ ची एक्स्टेंडेड एडिशन घ्या.

लाकूडतोड्या:

सगळ्यांचे मनापासून आभार. राइज ऑफ नेशन्स यादीत सर्वात वर ठेवलाय, नागरिक स्वतः काम शोधतात हे वाचूनच बरं वाटलं. झॉम्बीवाला सध्या नको, झोपायच्या आधी तेवढा ताण सोसवणार नाही.

गढीवाला, बियॉन्ड ऑल रीझन काल उतरवून घेतला. तीन डाव झाले, तिन्ही सोप्या एआयविरुद्ध. पहिल्यात तुम्ही सांगितलं तसंच झालं, सगळी कामं एकदम काढली आणि एकही पुरं होईना. तिसऱ्यात एका वेळी दोनच कामं घेतली आणि धातूचा साठा अर्ध्यावर स्थिर राहिला. तो आकडा हलत नाही हे बघत मी बराच वेळ नुसता बसून होतो. फार आनंद झाला. मनगटही दुखलं नाही, रांगा लावल्या की हात मोकळा.

एकच अडलंय. सुरुवातीला पवनचक्क्या बांधल्या की एका मॅपवर ऊर्जा धो धो येते, दुसऱ्यावर सारखी अडकते. चक्क्या तितक्याच होत्या.

गढीवाला:

वारा प्रत्येक मॅपचा वेगळा असतो आणि खेळ चालू असतानाही कमीजास्त होतो. वरच्या पट्टीत वाऱ्याचा आकडा दिसतो, डाव सुरू होताच तो बघा. वारा जोरात असेल तर चक्क्या, नाहीतर सरळ सोलर. त्याची ऊर्जा चढउतार करत नाही. आणि तिसऱ्या डावाचा रिप्ले असेल तर पाठवा, मला बघायचाय.