अ‍ॅस्टोरियातील ग्रीक खाणे: थोडी भर
न्यूयॉर्कच्या अ‍ॅस्टोरियात शाकाहारी माणसाने ग्रीक खानावळीत जाऊन काय खावे, असा प्रश्न एकाने विचारला आहे. माझ्या मते तिथे त्याची मुळीच अडचण होत नाही. ग्रीकांच्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती पंथात ईस्टरपूर्वीच्या दीर्घ उपवासात मांस, दूध, अंडी आणि बहुतेक दिवस मासेही वर्ज्य असल्यामुळे टोमॅटोत शिजवलेला मोठ्या दाण्यांचा पांढरा घेवडा, ऑलिव्ह तेल व लिंबू घातलेली उकडलेली पालेभाजी, भात भरलेली द्राक्षाची पाने (खिमा नाही ना, हे मात्र विचारून घ्यावे) असे पदार्थ त्यांच्या स्वयंपाकात मुरलेले आहेत. अमेरिकेच्या १९६५च्या स्थलांतरविषयक कायद्यानंतर मोठ्या संख्येने आलेल्या ग्रीकांनी ही घरगुती चव इथल्या डिटमार्स बुलेव्हार्ड या रस्त्याच्या परिसरात रुजवली. मासे खाणाऱ्यांनी भाजलेला ऑक्टोपस चुकवू नये. अख्खा मासा अनेकदा वजनावर मिळतो, तेव्हा भाव आधी विचारलेला बरा.